बुद्धिबळ स्पर्धेला मुलं कमी होतायत? आधी शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघा

दर दिवाळीनंतर आमच्याकडे हाच विषय निघायचा. स्पर्धा जाहीर केली, चौकात बॅनर लावला, शाळांमध्ये पत्रकं वाटली, व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, तरी नावं गेल्या वर्षीपेक्षा कमीच. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आम्ही काही जण मिळून ही स्पर्धा भरवतो. पहिल्या वर्षी शंभराच्या वर मुलं आली होती. पुढच्या तीन वर्षांत चाळीसवर आलो. आमचा उपाय ठरलेला होता: जाहिरात वाढवायची आणि पहिलं बक्षीस मोठं करायचं. त्यानं एखादं वर्ष आकडा जरा वर जायचा आणि पुढच्या वर्षी परत घसरायचा.

तुमच्याही गावात असं होत असेल तर जाहिरातीवर आणखी पैसे घालण्याआधी एक काम करा. जुन्या वर्षांच्या नावांच्या याद्या काढा.

याद्या शेजारी-शेजारी ठेवा

आम्ही तीन वर्षांच्या याद्या घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे खूण केली: हा परत आला, हा आला नाही, हा नवीन. तासाभराचं काम. त्यातून जे दिसलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नवीन मुलं दरवर्षी जवळपास तेवढीच येत होती. कमी झाली होती ती परत येणारी. म्हणजे बॅनर आपलं काम करत होता आणि नंतर मुलं आमच्याच हातून सुटत होती.

म्हणून मोठ्या विजयांचा फायदाही टिकत नव्हता. डिसेंबर २०२४मध्ये गुकेश जगज्जेता झाला तेव्हा आम्हाला पालकांचे फोन आले. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच स्पर्धेतून ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तर मुलींचे पालक आपणहून विचारायला आले. आपल्याकडे मुलींच्या बुद्धिबळाची परंपरा जुनी आहे. खाडिलकर भगिनी मुंबईच्या, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे सांगलीच्या. पण टीव्हीवर बघून एकदा आलेली मुलगी दुसऱ्यांदा येते की नाही, हे त्या दिवशी आपल्या हॉलमध्ये तिचं काय झालं यावर ठरतं.

मग आम्ही न आलेल्यांच्या घरी फोन केले. पहिले काही फोन वाया गेले, कारण आम्ही विचारत होतो, 'यंदा का नाही आलात?' यावर सगळे सभ्यपणे एकच उत्तर देतात, 'परीक्षा होती.' नंतर आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी प्रश्न बदलला. त्या विचारायला लागल्या, 'मागच्या वर्षी त्या दिवशी तुम्ही घरी किती वाजता पोचलात?'

आणि मग लोक बोलायला लागले. एका आईनं सांगितलं, 'साडेनऊ वाजले ताई. शेवटची एसटी साडेपाचला असते, ती गेली. वडापची जीपही मिळेना. मग ह्यांना गाडी घेऊन बोलावलं. पोरगं मागं बसून झोपायला लागलं तसं मी मधे धरून आणलं.' बक्षीस काही मिळालं नव्हतं. मुलानं सहापैकी दोन डाव जिंकले होते आणि तो खूश होता. पण घरात पुन्हा बुद्धिबळाचं नाव निघालं की वडील म्हणत, 'नको ते.'

आसपासच्या गावांतली जवळजवळ सगळी मुलं अशीच सुटली होती. गावात राहणारी, चालत घरी जाणारी मुलं टिकून होती. आम्ही मात्र तोवर 'मुलं मोबाईलच्या नादी लागली' असं म्हणत बसलो होतो.

उशीर नेमका कुठे होतो

पत्रकावर वेळ 'सकाळी नऊ' असायची. पहिला डाव सव्वाअकराला लागायचा. मधल्या वेळात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची वाट, सत्कार, शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि पटावर पहिली चाल करतानाचा फोटो. ऐन वेळी आलेल्यांची नावं त्याच गडबडीत घेतली जायची. त्यामुळे यादी बदलायची आणि पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, पुन्हा काढावं लागायचं.

त्यानंतर घड्याळाचा प्रश्न. आमच्याकडे घड्याळं पाच-सहाच होती. ती पहिल्या टेबलांवर लावायचो. बाकीचे डाव तसेच चालायचे आणि लांबलेल्या डावावर अर्ध्या तासानं घड्याळ ठेवायचं. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती दिसते तेवढी स्वस्त नाही.

मला एक डाव अजून डोळ्यांसमोर दिसतो. चौथी फेरी, सतरा नंबरचा पट. बाकी सगळे पट संपलेले. आठेक वर्षांच्या एका मुलाकडे राजा आणि हत्ती, समोरच्याकडे नुसता राजा. त्याला जिंकायचं होतं, पण हत्तीनं मात कशी करतात ते कुणी शिकवलं नव्हतं. तो शह द्यायचा, समोरचा राजा एक घर सरकायचा. पुन्हा शह, पुन्हा एक घर. मुलाचे कान लाल झाले होते. भोवती पंधरा-वीस मुलांचं कडं, खिडकीच्या गजांना धरून त्याची आई, आणि हॉलभर बाकीची मुलं पुढच्या फेरीची वाट बघत जमिनीवर लोळत होती. चाळीस मिनिटं गेली. शेवटी कुणीतरी म्हणालं, 'द्या हो बरोबरी.' मुलगा रडायला लागला.

चूक त्या मुलाची नव्हती. नियम आमच्याकडे होता आणि आम्ही तो वापरला नव्हता. प्यादं न हलता आणि काहीही न मारता दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या की खेळाडूला बरोबरी मागता येते, आणि पंचाहत्तर झाल्या की मागणी नसली तरी डाव बरोबरीत संपतो. पंचानं शेजारी उभं राहून कागदावर रेघा मारत मोजायचं असतं. आणि घड्याळ पहिल्या चालीपासून असतं तर ही वेळच बहुधा आली नसती.

हिशेब उलटा मांडा

आता आम्ही वेळापत्रक शेवटच्या एसटीपासून मागं मोजत येतो. गाडी साडेपाचला, म्हणजे मुलं पाचला स्टँडवर हवीत. म्हणजे बक्षीस समारंभ साडेचारच्या आत संपायला हवा.

स्विस पद्धतीत कुणी बाद होत नाही, दर फेरीत जवळपास सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. तिचा ढोबळ हिशेब असा: बत्तीसपर्यंत खेळाडूंना पाच फेऱ्या, चौसष्टपर्यंत सहा. एवढ्यात सगळे डाव जिंकणारा फार तर एकच उरतो. आमच्या चाळीस-पन्नास मुलांना सहा पुरतात.

प्रत्येक पटावर घड्याळ, दहा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद वाढीव. साठ चालींचा डाव धरला तर एकाला पंधरा मिनिटं मिळतात, दोघांची मिळून तीस. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, व्याख्येत हा जलद बुद्धिबळाचाच प्रकार बसतो. लांबलेला डावही बहुतेक पस्तीस मिनिटांत आटपतो. दहा मिनिटं निकाल भरायला आणि पुढचं पेअरिंग काढायला. म्हणजे पाऊण तासाला एक फेरी. दहाला सुरुवात, जेवणाआधी तीन फेऱ्या, सव्वाबारा ते एक जेवण, मग उरलेल्या तीन. सव्वातीनला शेवटचा डाव संपतो. पूर्वी आमची एक फेरी सव्वा तास घ्यायची. सहा फेऱ्यांचे साडेसात तास, वर जेवण, वर सव्वाअकराची सुरुवात. बेरीज करून बघा, साडेसात वाजतात. आम्ही ही बेरीज कधी कागदावर केलीच नव्हती.

घड्याळांसाठी पैसे कुठून आणले? कमरेएवढ्या उंच ट्रॉफ्या बंद केल्या. एका वर्षाच्या ट्रॉफ्यांच्या पैशांत बरीचशी घड्याळं आली, उरलेली शेजारच्या तालुक्यातल्या क्लासकडून दिवसभरासाठी आणतो. जुन्या मोबाईलवर घड्याळाचं ॲप लावून चालवणारेही आहेत, पण पटाजवळ मोबाईल नकोच असं माझं ठाम मत आहे. त्यावरून एकदा वाद पेटला की दिवस हातचा जातो.

नावं शनिवारी रात्री आठला बंद. गूगल फॉर्म आणि यूपीआय. ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांच्यासाठी एक फोन नंबर. रविवारी सकाळी आलेल्याला परत पाठवत नाही, पण त्याला दुसऱ्या फेरीपासून घेतो आणि पहिल्या फेरीचा अर्धा गुण देतो. हे पत्रकावर आधीच छापलेलं असतं, त्यामुळे भांडण होत नाही. पेअरिंग स्विस-मॅनेजर या सॉफ्टवेअरवर काढून चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर टाकतो आणि भिंतीवर दोन ठिकाणी चिकटवतो. एकाच कागदावर पन्नास डोकी वाकली की पाच मिनिटं तिथेच जातात.

पाहुण्यांचं काय, हा अवघड भाग होता. ज्यांनी वर्षानुवर्षं मदत केली त्यांना 'उद्घाटन नको' असं कसं सांगायचं? आम्ही सांगितलं नाही. उद्घाटन जेवणाच्या सुट्टीच्या शेवटच्या दहा मिनिटांवर नेलं. मुलं पोटभर जेवून बसलेली असतात, पालक हॉलमध्ये असतात, फोटोही चांगला येतो. पाहुणे आले नाहीत तर चौथी फेरी एकलाच लागते. पहिल्या वर्षी एक जण जरा नाराज झाले. दुसऱ्या वर्षी तेच पावणेबाराला येऊन डाव बघत बसले होते.

पहिल्याच फेरीत जे मूल संपतं

वेळ सावरली तरी एक गळती राहिली. पहिल्यांदा खेळायला आलेली मुलं दुसऱ्यांदा कमी येत होती.

स्विसमध्ये पहिल्या फेरीला यादी ताकदीप्रमाणे वरून खाली लावतात आणि मधोमध दुमडतात. चाळीस जण असतील तर पहिला विरुद्ध एकविसावा, दुसरा विरुद्ध बाविसावा. म्हणजे वरच्या अर्ध्यातले, क्लासला जाणारे, मानांकन (रेटिंग) असलेले सगळे पहिल्याच फेरीत नवख्यांसमोर बसतात. आजोबांकडून खेळ शिकलेला मुलगा घरात सगळ्यांना हरवून आलेला असतो आणि इथे पाचव्या-सहाव्या चालीला त्याचा वजीर जातो. पुढच्या फेऱ्यांमध्ये त्याला त्याच्या तोडीचे मिळतात, स्विसचा तोच तर गुण आहे. पण पालकांना ते माहीत नसतं. दोन डाव हरले की ते पोराला घेऊन निघतात.

वयोगट हा यावरचा उपाय आहे असं आम्हीही समजत होतो. सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा असे गट पाडले आणि प्रत्येकात जेमतेम आठ-दहा मुलं आली. एकाच क्लासची मुलं एकमेकांशीच खेळत राहिली, आणि नऊ वर्षांखालच्या गटातही मानांकित मूल नवख्यासमोर आलंच. आता आम्ही दोनच गट करतो: खुला, आणि नवोदित. ज्यानं आजवर कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं नाही आणि ज्याला मानांकन नाही तो नवोदित, मग तो सात वर्षांचा असो की साठ. वयोगटाची बक्षिसं प्रत्येक गटाच्या आतच देतो.

नवोदितांना साडेनऊला बोलावतो आणि पंधरा मिनिटं नियम सांगतो. या पंधरा मिनिटांइतका फायदा दुसऱ्या कशाचाच झाला नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. गावाकडे अजूनही काही घरांत देशी पद्धतीचा खेळ शिकवतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं आणि राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची चाल करता येते. एका मुलानं आमच्याकडे राजा असा उडवला. समोरचा ओरडला 'चीटिंग!', आणि तो बिचारा गांगरून बघत राहिला. त्याच्या आजोबांनी शिकवलेलं खोटं नव्हतं, जुन्या रीतीचं होतं. म्हणून आता किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) कधी करता येतो आणि कधी नाही, प्याद्याची दोन घरांची चाल, शेजारून निसटलेलं प्यादं कसं मारायचं, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं काय घ्यायचं, हे पटावर करून दाखवतो. हात लावलेली सोंगटीच खेळायची. चाल ज्या हातानं केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. नियमबाह्य चाल झाली तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा डाव गेला. आणि काहीही अडलं तर घड्याळ थांबवून हात वर करायचा. हा शेवटचा नियम मुलांकडून तीन वेळा म्हणवून घेतो, कारण लाजरी मुलं अन्याय झाला तरी गप्प बसतात आणि घरी जाऊन रडतात.

शेवटी राजा-हत्तीची मात. ती सगळ्यांना एकदा करून दाखवल्याशिवाय आम्ही नवोदितांची पहिली फेरी लावत नाही.

खेळाडू विषम झाले की एकाला बाय मिळतो. गुण मिळतो, पण पन्नास रुपयांचं तिकीट काढून आलेलं मूल पाऊण तास नुसतं बसतं. आमच्यातला एक जण त्या मुलाशी डाव खेळतो. गुण त्याचा त्यालाच, डाव मात्र खराखुरा, घड्याळ लावून.

मानांकन स्पर्धा करू या का?

हा प्रश्न दर बैठकीत निघतो. पत्रकावर 'फिडे मानांकित' लिहिलं की लोक येतील असं वाटतं. येतात, पण लांबून आणि तयारीचे. पहिलं मानांकन मिळायला मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि कामगिरी किमान १४०० च्या पातळीची लागते. मार्च २०२४पासून खालची मर्यादा तिथे आली आहे. आपल्या हॉलमध्ये बहुतेक मुलं बिनमानांकित असतील तर त्यांची एकमेकांशीच गाठ पडणार, म्हणजे जास्तीची फी आणि नोंदणीचा खर्च करूनही त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. आधी दिवस वेळेवर चालवायला शिका, परत येणारी मुलं वाढू द्या, मग मानांकनाकडे वळा. तोवर ज्या दोन-चार मुलांची तयारी आहे त्यांना सांगली, कोल्हापूर किंवा पुण्याच्या स्पर्धेला घेऊन जा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातर्फे वर्षानुवर्षं स्पर्धा घेतल्या आणि त्यातून खेळाडू उभे राहिले. मला त्यातलं सातत्य फार मोठं वाटतं.

मोठ्या पहिल्या बक्षिसाचंही असंच. ते घ्यायला बाहेरून कुणीतरी येतं, सगळे डाव जिंकतं आणि जातं. आम्ही ती रक्कम कमी करून खाली वाटली. शिवाय दोन किंवा कमी गुण मिळवलेल्या प्रत्येकाला पुढच्या स्पर्धेची अर्ध्या फीची चिठ्ठी देतो. प्रमाणपत्रावर गुण आणि क्रमांक लिहितो. नुसतं 'सहभाग' लिहिलेला कागद मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात.

सातत्यासाठी वर्षातून एकदाच्या मोठ्या स्पर्धेबरोबर आता दर महिन्याचा दुसरा रविवार ठरवून टाकलाय. पाच फेऱ्या, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. तारीख ठरवण्यापूर्वी शाळांच्या घटक चाचण्या, शिष्यवृत्तीची परीक्षा, गावची यात्रा आणि लग्नाची दाट तीथ एवढं बघतो. एखादा रविवार अडला तर तो महिना सोडून देतो, तारीख पुढं-मागं करत नाही. लोकांच्या डोक्यात 'दुसरा रविवार' बसला पाहिजे.

मुली, मोठी माणसं आणि नववी-दहावीची मुलं

मुलींची संख्या वाढवायची असेल तर आधी हॉलचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. आमचा पहिला हॉल ऐसपैस होता, भाडंही कमी, पण कडी तुटलेली आणि पाणी नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तिथे दिवसभर पाणी न पिता बसत होत्या आणि आम्हाला ते तीन वर्षं कळलं नाही, कारण आमच्या समितीत सगळे पुरुष होते. शिक्षिकाबाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी हॉल बदलायला लावला.

मोठी माणसं नऊ वर्षांच्या मुलाकडून चारचौघांत हरली की पुन्हा येत नाहीत. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी एक-एक डाव ठेवलाय, पाठ टेकायच्या खुर्च्या आणि चहा. बँकेतले, दुकानदार, निवृत्त शिक्षक असे दहा-बारा जण नियमित येतात, आणि रविवारी तेच पंच म्हणून उभे राहतात.

नववी-दहावीची मुलं मात्र अजून सुटतात. क्लास, बोर्ड, घरचा आग्रह. त्यांना स्पर्धेत ओढून आणणं आम्हाला जमलेलं नाही. फक्त एवढं करतो की त्यांना रविवारी दोन तासांसाठी बोलावतो: घड्याळं लावायला, निकाल भरायला, नवोदितांना राजा-हत्तीची मात दाखवायला. गेल्या महिन्यात सतरा नंबरच्या पटाशेजारी अशीच एक दहावीची मुलगी उभी होती, हातात कागद आणि पेन्सिल. दोन राजे, एक हत्ती. ती रेघा मारत होती. एकोणिसाव्या रेघेला मात झाली.